शांतवन गुरुजींचा सोमवारचा अर्ज

शांतवन गुरुजींना फोन लावायचा असेल तर चारदा लावावा लागतो. पहिले तीन ते उचलतच नाहीत. मोबाइल पुढ्यात ठेवतात, हात मांडीवर घेतात अन् खुशाल वाजू देतात. चौथा मात्र पहिल्या रिंगलाच उचलतात अन् म्हणतात, "बोला. ऐकून राहिलो."

याचं कारण शमुवेल. बायबलात शमुवेल नावाचा एक लहानगा आहे. देवानं त्याला तीनदा हाक मारली, अन् तिन्ही वेळा तो उठून भलत्याच माणसाकडं धावला. चौथ्यांदा कुठं त्यानं नीट उत्तर दिलं. "यातून धडा काय निघाला?" गुरुजी विचारतात, अन् आपण तोंड उघडायच्या आत स्वतःच सांगून टाकतात, "पहिल्या तीन हाकांले धावायचं नाही. ज्याचं खरंच काम आहे तो चौथ्यांदा बोलावते." पहिले तीन फोन विमा, कर्ज अन् लकी ड्रॉवाल्यांचेच असतात, असा त्यांचा अनुभव आहे. एकदा त्यांच्या परसात धानाच्या तणसाच्या ढिगाला आग लागली, तेव्हा मी अंगणात उभा राहून त्यांना फोन लावत होतो. आपलं घर त्यांच्या घराला लागून आहे, उठून हाक मारता येते, हे मला तिसऱ्या फोननंतर सुचलं.

मी वामन. गावच्या ग्रामपंचायतीत लिपिक आहे. आमचं गाव सानगडीच्या थोडं अलीकडं, सगळीकडं धानाच्या बांध्या, मधात एक जुना तलाव, अन् तलावाच्या पाळीवर मोहाची झाडं. गावात ख्रिस्ती घर एकच, ते गुरुजींचं. जिल्हा परिषदेच्या शाळेत बदली होऊन आले अन् इथलेच झाले. चौथीत मला त्यांनीच शिकवलं. नोकरी संपली, पण शिकवायची खोड काही गेली नाही. घरात गुरुजी अन् त्यांच्या बायको मार्थाबाई, दोघंच. मूलबाळ नाही. महिन्यातून एकदा दोघं एसटीनं भंडाऱ्याला उपासनेला जातात. बाकीच्या रविवारी गुरुजी घरीच उपदेश करतात. ऐकायला मार्थाबाई, अन् भिंतीपलीकडं आम्ही.

आता तुम्ही म्हणाल, बायबल वाचणारे पुष्कळ असतात. असतील. पण गुरुजी बायबल वाचत नाहीत, वापरतात. मिक्सर घेतल्यावर त्याच्यासोबत येणारं पुस्तक कसं समोर ठेवून एकेक बटण दाबतो आपण, तसं. नोहानं कोरड्या जमिनीवर जहाज बांधलं अन् लोक हसले, म्हणून गुरुजी छपराची कवेलू फाल्गुनातच फेरतात. सारं गाव होळीच्या तयारीत असते अन् हे छपरावर. कोणी हसलं की खूश होतात. "हसा जी, हसा. हसणारे पाहिजेतच, नाहीतर धडा पुरा होत नाही."

बायबलातली मार्था घरकामात गुंतून पडली अन् तिला प्रभूनं प्रेमानं समजावलं, म्हणून रविवारी आमच्या मार्थाबाईंना चुलीपाशी जायची बंदी. त्या दिवशी स्वयंपाक गुरुजींचा. भात खालून करपलेला अन् वरून कच्चा. एका रविवारी मार्थाबाई मला कुंपणावरून म्हणाल्या, "वामन, त्या मार्थेनं रांधलं म्हनूनच ना गा बाकीचे जेवले? यांच्या बायबलात हे लिहूनच नाही वाटते!" मी त्यांना गुपचूप दोन पोळ्या दिल्या. हे गुरुजींना अजून माहीत नाही.

अन् आमची बकरी! ती कुंपणातून घुसून गुरुजींची वांगी खायची. दुसऱ्या कोणी तंगडं मोडलं असतं. गुरुजींनी भिंतीवर खडूनं एक रेघ मारली. मी माफी मागायला गेलो तर म्हणाले, "सात गुणिले सत्तर वेळा क्षमा करायची, असं सांगितलं आहे. किती झाले?" मी चौथीतल्यासारखा उभा राहून म्हणालो, "चारशे नव्वद." "बस. तोवर चिंता करू नको." मग रोज रेघ. एकशे सदतीस रेघा झाल्या अन् आम्ही बकरी विकली. संध्याकाळी गुरुजी उदास चेहऱ्यानं दारात हजर. "विकली काहून गा? तीनशे त्रेपन्न बाकी होते ना."

असा हा माणूस. मला त्याचा राग येतो का? येतो. रोज येतो. अन् मागचं वर्षभर तर दर सोमवारी साडेदहा वाजता यायचा, कारण त्या वेळी गुरुजी माझ्या टेबलापुढं उभे असायचे. हातात अर्ज. विषय: ख्रिस्ती दफनभूमीसाठी जागा मिळणेबाबत.

जागाही त्यांनी स्वतःच नेमलेली. तलावाच्या पाळीखालचा, मोहाच्या झाडाजवळचा तुकडा. पंचायतीच्या ताब्यातला, चार खाटा टाकल्या तर भरून जाईल एवढा. गावातले दोन ख्रिस्ती, दोघंही धडधाकट. भंडाऱ्याला त्यांची चांगली बांधलेली दफनभूमी आहे. मग घाई कशाची? पण गुरुजींना बायबलातली विधवा सापडली होती. एका न्यायाधीशाला ना देवाची भीती, ना माणसाची लाज. ती विधवा त्याच्याकडं रोज जायची. शेवटी तो कंटाळला अन् म्हणाला, घे बाई तुझा न्याय अन् जा.

"म्हणजे मी तो न्यायाधीश का जी?" मी विचारलं.

"नाही. तू शिक्का मार."

मी शिक्का मारायचो, आवक नंबर टाकायचो, पोच द्यायचो. सरपंच राजूभाऊ हाही त्यांचाच विद्यार्थी. तो सोमवारी साडेदहाला मागच्या दारानं शेतावर निघून जायचा. असे एक्केचाळीस सोमवार गेले.

मग तलावाच्या सुशोभीकरणाची योजना मंजूर झाली. पाळीवर पेव्हर ब्लॉक, चार बाकडी, कसरतीची लोखंडी यंत्रं, अन् अगदी मोहाच्या झाडापाशी, गुरुजींच्याच तुकड्यावर, सेल्फी पॉइंट. लाल बदामाचं चित्र अन् पुढं गावाचं नाव. राजूभाऊनं नकाशा नोटीस बोर्डावर लावला. गुरुजींनी तो वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला, अन् सरळ घरी गेले. मला वाटलं, सुटलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पंचायतीच्या इमारतीला फेरी घालताना दिसले. तोंड बंद, नजर समोर, गळ्यात शाळेतली पीटीची शिटी. एक फेरी घातली अन् गेले. तिसऱ्या दिवशी माझ्या डोक्यात उजेड पडला. यरीहो! देवाच्या लोकांनी यरीहो शहराला सहा दिवस रोज एक फेरी घातली, सातव्या दिवशी सात, मग शिंगं फुंकली, आरोळी ठोकली अन् तट कोसळला. आमच्या पंचायतीची भिंत तशीही ओलीनं फुगलेली आहे, त्यामुळं मी जरा टेबल सरकवून घेतलं.

पण मला कळलं ते गावाला कुठं माहीत? गावाला काय दिसलं, तर गुरुजी न बोलता, अनवाणी प्रदक्षिणा घालून राहिले. (चपलेचा अंगठा तुटला होता, म्हणून अनवाणी.) चौथ्या दिवशी पायरीवर कोणीतरी नारळ ठेवला. पाचव्या दिवशी गुरुजींच्या मागं तीन बाया हात जोडून चालत होत्या. एक म्हातारी मला खिडकीतून विचारते, "इथं कोनता देव बसवला जी?" मी म्हटलं, "इथं कोणी नाही बसत, म्हणून तर गुरुजी फिरून राहिले." सहाव्या दिवशी लोक चपला बाहेर काढून बाहेरच्या बाधेवर उतारा मागायला आले. गुरुजींना मौन मोडता येईना, अन् मागच्या बायांना थांबवताही येईना. नुसते डोळे वटारून बघायचे. बायांना वाटायचं, गुरुजींच्या अंगात तेज आलं.

सातव्या दिवशी सात फेऱ्या झाल्या. मागं वीस-बावीस माणसं. गुरुजींनी शिटी फुंकली अशी की तलावावरचे बगळे उडाले. भिंत काही पडली नाही, पण राजूभाऊ पडला. धावत बाहेर आला, हात जोडले अन् म्हणाला, "गुरुजी, पुरे करा जी. डांबरी रस्त्याले लागून पाच गुंठे देतो. कुंपण करून देतो. फुकट देतो. अजून काय पाहिजे?"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, खोटं कशाला बोलू. एकदाचा सोमवार मोकळा होणार होता.

गुरुजी धापा टाकत होते. म्हणाले, "मले तळ्याजवळचाच तुकडा पाहिजे. अन् फुकट नको. जे मोल होते ते घ्या."

"अहो, पण रस्त्याचा मोठा आहे!"

"अब्राहाम परक्या मुलखात होता," गुरुजी म्हणाले. "तिथल्या लोकांनी सांगितलं, आमच्या जागेतली कोणतीही चांगली जागा घे, फुकट घे. अब्राहामानं त्यांना नमस्कार केला. पण मागितली तीच जागा, शेताच्या टोकाची, अन् पुरं मोल देऊन घेतली. यातून धडा काय निघाला?"

 माझा ताबा सुटला. वर्षभराचे शिक्के, ऊन, अन् हा हट्टी म्हातारा. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "धडा हा निघाला गुरुजी, का मानसानं मेल्यावरही तळ्याची हवा खात पडावं. मातीखाली कायले पाहिजे जी तुमाले तलावाचं दृश्य?"

लोक खो खो हसले. गुरुजी हसणाऱ्यांवर खूश होतात हे मी सांगितलंच, पण त्या दिवशी झाले नाहीत. माझ्याकडं एकदा पाहिलं, पिशवी उचलली अन् निघून गेले.

घरी जेवण गोड लागलं नाही. नाताळात गुरुजींनी कधीतरी दिलेलं बायबल लाइटच्या मीटरवर ठेवलं होतं. ते काढलं, धूळ झटकली अन् अब्राहाम शोधत बसलो. सापडला. जागा मागितली, मोल दिलं, सगळं बरोबर. पण त्याच्या आधी एक गोष्ट होती, ती गुरुजींनी सांगितलीच नव्हती. अब्राहामानं ती जागा घेतली होती बायकोसाठी. सारा वारली होती.

 म्हणजे मार्थाबाई! काही मोठा आजार असेल, गुरुजींनी लपवला असेल, अन् आपण भर गर्दीत काय बोलून बसलो! दुसऱ्या दिवशी गुरुजी सानगडीच्या बाजाराला गेलेले पाहून मी त्यांच्या घरी गेलो. मार्थाबाई मशीनवर ब्लाउज शिवत होत्या. मी विचारलं, "काकू, डॉक्टर काय म्हणते?"

"कोणता डॉक्टर?"

मी अडखळत अब्राहामाच्या बायकोचं, सारेचं सांगितलं. मार्थाबाई एवढ्या हसल्या की मशीनवरचा पाय थांबला. "अरे बावा! मले काय धाड भरली? यंदा चार पायल्यांचे पापड मी एकटीनं लाटले." हसता हसता त्यांनी डोळे पुसले अन् मग पुसतच राहिल्या.

"आमची पोरगी आहे तिथं," त्या म्हणाल्या.

मी मशीनपाशी खाली बसलो.

"चौतीस वर्षं झाले. अकरा दिवसांची होती. चूलबंद नदीले पूर होता, एसटी बंद. भंडाऱ्याले नेनार कशी? दोन दिवस घरात ठेवली असती का? तुझे बाबा आले. म्हणाले, गुरुजी, आमीही लहान लेकरू जाळत नाही, मातीतच ठेवतो, चला माझ्यासंगं. त्यांनीच खड्डा खणला. यांनी प्रार्थना केली. वर पानी पडत होतं. मी गेली नव्हती, मी बाजेवर होती. मले जागा यांनी नंतर दाखवली."

मी तेव्हा आठवीत होतो. त्या पुरात बाबा एकदा चिखलानं भरून घरी आले अन् कुदळ न धुताच बसून राहिले, एवढं मला आठवते. आईनं विचारलं तर म्हणाले, काही नाही. माझ्या बापानं ज्या मातीत कुदळ घातली, त्याच मातीवर मी भर चौकात विनोद केला होता. मला स्वतःची अशी लाज वाटली की काय सांगू.

"काकू, मग गुरुजींनी हे अर्जात काहून नाही लिहिलं? एका सोमवारात काम झालं असतं. गावानं डोळे मिटून दिली असती जागा."

"मीही म्हटलं ना. तर म्हनते, मार्था, अब्राहाम पहिले रडला. रडून घेतलं, मग उठला, अन् मग लोकांशी बोलाले गेला. रडत रडत नाही गेला. आपलं रडणं आपल्या घरी झालं. आता लोकांपुढं लेकरू दाखवून जागा मागायची नाही. मांगायची तर सरळ मांगायची." मार्थाबाईंनी सुई ओवायचा प्रयत्न केला, दोरा दोनदा चुकला. "तूही सांगू नको कोनाले. मी बोलली हे यांना आवडनार नाही."

मी शब्द दिला. देऊन बसलो अन् मग लक्षात आलं की पुढच्या गुरुवारी ग्रामसभा आहे अन् सुशोभीकरणाचा ठराव तिथंच पास होणार आहे.

ग्रामसभेत लिपिकानं लिहायचं असते, बोलायचं नसते. वीस वर्षं मी तेच केलं. राजूभाऊनं विषय वाचला, नकाशा दाखवला, हात वर करा म्हणाला. बरेच हात वर गेले. गुरुजी मागच्या ओळीत ताठ बसले होते, बेचाळिसावा अर्ज हातात धरून. राजूभाऊ माझ्याकडं वळला, "लिही वामन, सर्वानुमते."

मी पेनाला टोपण लावलं. "मी नाही लिहीत."

"काहून गा?"

"ते सांगता येत नाही. पण त्या तुकड्यावर सेल्फी पॉइंटचा ठराव माझ्या हातून लिहिला जाणार नाही. दुसऱ्या कोणाकडून लिहून घ्या. अन् मले नोकरीवरून काढायचं असेल तर तोही ठराव दुसऱ्यानंच लिहावा."

सभेत गलका झाला. कोणी म्हणे, याला गुरुजींचं वारं लागलं. कोणी म्हणे, याच्यावर करणी झाली. राजूभाऊ लाल झाला, ओरडला, मग माझ्या जवळ येऊन हळूच म्हणाला, "काय झालं ते तरी सांग." मी मान हलवून नाही म्हटलं. मी खुर्चीला हात धरून उभाच राहिलो. एवढंच म्हणालो, "राजू, तू ज्याच्या हातून लिहायला शिकला तो माणूस आयुष्यात एक गोष्ट मागून राहिला. सेल्फी रस्त्यावरही निघते."

 राजूभाऊनं नकाशा घडी करून खिशात घातला. "लिही," तो म्हणाला. "सेल्फी पॉइंट रस्त्याच्या जागेवर. तळ्याजवळचा तुकडा गुरुजींले."

"पुऱ्या मोलात," मागून आवाज आला.

"हो जी, पुऱ्या मोलात!" राजूभाऊ ओरडला अन् सगळी सभा हसली.

तहसील, मोजणी, नाहरकत, यांत सहा महिने गेले. गुरुजींनी तिथलेही सोमवार बांधून टाकले, साकोलीची सकाळची एसटी धरून. कागद हातात आला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला बोलावलं. चार फोन केले असते तर मी समजलो असतो, पण ते स्वतः दारात आले. खांद्यावर बांबूच्या खुंट्या, हातात सुतळी.

आम्ही तिघं पाळीवरून उतरलो. मोहाखाली पानांचा थर होता. मार्थाबाईंनी एका जागेवरची पानं हातानं बाजूला केली. तिथं दगड नाही, खूण नाही, काही नाही. त्यांना पत्ता बरोबर ठाऊक होता.

गुरुजी सुतळी सोडवत होते. माझ्याकडं न बघता म्हणाले, "हिनं सांगितलं ना तुले?"

"हो जी." मग मी म्हणालो, "गुरुजी, मी त्या दिवशी बोललो ते..."

"तुझ्या बाबांनी स्वतःचं धोतर फाडून दिलं होतं तिले गुंडाळाले," ते म्हणाले. "तुझ्याकडून एक दिवस ऐकून घेतलं तर काय झालं."

  मग गुरुजी खाली बसले, हातानं माप घेतलं. मार्थाबाईंनी साफ केलेल्या जागेच्या डावीकडं एक खुंटी ठेवली, उजवीकडं एक.

"हिकडं मी, तिकडं ही," ते मला म्हणाले. "तू लिहून ठेव, ज्याची वेळ येईल त्याच्या वक्ताले कोनी चुकू नये. पोरीले मधातच राहू द्यायचं. लहान लेकरू मायबापाच्या मधातच झोपते."

मी खुंटी धरली अन् गुरुजींनी ती दगडानं ठोकली.